नायट्रस ऑक्साइडचे यंत्र काय सांभाळते आणि काय सांभाळत नाही

अकोल्याच्या एका तरुण दंतवैद्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्याकडे लहान मुले बरीच येतात आणि इंजेक्शनच्या भीतीने अर्धे काम अडते. नायट्रस ऑक्साइडचे यंत्र घेण्याचा विचार आहे. विक्रेता म्हणतो की या यंत्रातून तीस टक्क्यांपेक्षा कमी ऑक्सिजन जाऊच शकत नाही, त्यामुळे धोका असा काही उरत नाही आणि अर्ध्या दिवसात सगळे शिकता येते. हे खरे मानावे का? पल्स ऑक्सिमीटर लागेल का? भूलतज्ज्ञ बोलवावा लागेल का?"

नायट्रस ऑक्साइड हा ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या मास्कमधून देण्याचा, भीती कमी करणारा वायू आहे. विक्रेता खोटे सांगत नाही, पण त्याचे उत्तर एका जुन्या आणि आता बऱ्याच अंशी सुटलेल्या प्रश्नाचे आहे. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने याच वायूच्या अमलाखाली स्वतःची दाढ काढून घेतली. त्या काळात आणि नंतरही कित्येक वर्षे हा वायू ऑक्सिजन न मिसळता, निव्वळ दिला जात असे, आणि त्यात रुग्ण निळा पडणे ही नेहमीची गोष्ट होती. शिकागोचे शल्यचिकित्सक एडमंड अँड्र्यूज यांनी १८६८ मध्ये त्यात ऑक्सिजन मिसळून देण्याची पद्धत पुढे आणली. आजच्या यंत्रातले तीस टक्क्यांचे बंधन हे त्याच विचाराचे पक्के रूप आहे. खोलीतल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी रुग्णाला हवेतल्यापेक्षा जास्तच ऑक्सिजन मिळतो, आणि ऑक्सिजनचा पुरवठा तुटला तर नायट्रस आपोआप बंद होतो. ही सोय मोठी आहे आणि ती नसलेले जुने यंत्र कितीही स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

परंतु खुर्चीत कोण बसले आहे, त्याचे नाक मोकळे आहे का, त्याने घरून कोणते औषध घेतले आहे, तो आत्ता जागा आहे की झोपेकडे चालला आहे, यांपैकी काहीही यंत्राला कळत नाही. म्हणून तुमचा खरा प्रश्न यंत्र सुरक्षित आहे का हा नसून, यंत्राला जे दिसत नाही ते माझ्या दवाखान्यात कोण पाहणार, हा आहे. पुढे लिहितो ते फक्त नायट्रस आणि ऑक्सिजन एवढेच दिले जात असताना, प्रमाण ५० टक्क्यांच्या आत असताना आणि रुग्ण अन्यथा निरोगी असताना लागू पडते. यात मिडाझोलाम किंवा ट्रायक्लोफॉससारखे दुसरे शामक औषध मिसळले की सगळे हिशेब बदलतात, त्याविषयी शेवटाकडे लिहितो.

आधी त्या बंधनाचीच मर्यादा पाहू. ऑक्सिजनच्या नळीतून ऑक्सिजनच येतो आहे, असे यंत्र गृहीत धरते. २०१६ मध्ये सिडनीतील एका रुग्णालयात नवजात बाळांसाठीच्या ऑक्सिजनच्या नळातून नायट्रस ऑक्साइड आला, कारण भिंतीतल्या वाहिन्यांची जोडणी चुकली होती. त्यात एक बाळ दगावले आणि दुसऱ्याला गंभीर इजा झाली. चाकांच्या स्टँडवरचे सिलिंडर थेट यंत्राला जोडत असाल तर पिन इंडेक्स पद्धतीमुळे (प्रत्येक वायूसाठी पिनांची जागा वेगळी असते) निळे नायट्रसचे सिलिंडर ऑक्सिजनच्या जागी बसतच नाही. मात्र पिन झिजलेली किंवा वाकलेली असेल, किंवा एखादा तंत्रज्ञ 'बसवून देतो' म्हणत दोन वॉशर घालून ते बसवत असेल, तर तिथेच थांबवावे. भिंतीतून पाइप घेणार असाल तर काम झाल्यावर प्रत्येक आउटलेटवर ऑक्सिजन अॅनलायझर (ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारे उपकरण) लावून आकडा स्वतः पाहावा, ठेकेदाराच्या तोंडी हमीवर राहू नये. रोज सकाळी पहिला रुग्ण बसण्याआधी माझी सहायक एक चाचणी करते: दोन्ही वायू चालू करून ऑक्सिजनचे सिलिंडर बंद करते आणि नायट्रसचा गोळा फ्लोमीटरमध्ये (वायूचा प्रवाह दाखवणाऱ्या नळीत) खाली पडतो की नाही ते पाहते. तो पडला नाही तर त्या दिवशी यंत्र वापरले जात नाही.

तुम्ही अकोल्याचे असल्यामुळे सिलिंडरविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक वाटते. ऑक्सिजन सिलिंडरमध्ये वायुरूपात असतो, त्यामुळे दाबाचा काटा जसा उतरतो तसा साठा उतरतो. नायट्रस द्रवरूपात असतो, आणि तळाशी द्रव शिल्लक आहे तोवर काटा साधारण ७५० पीएसआयच्या (दाबाचे एकक) आसपास स्थिर राहतो. तो उतरू लागला की सिलिंडर संपत आलेले असते. साठा कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वजन करणे. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावर कोरलेले असते. त्यातही हा वायू ३६.४ अंश सेल्सिअसच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि तुमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असतो. तेव्हा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या सिलिंडरचा काटा वाचून काहीही निष्पन्न होत नाही आणि आतला दाबही नको तितका वाढतो. सिलिंडर सावलीत, हवेशीर जागी, साखळीने बांधून आणि कुलपात ठेवावेत. कुलूप यासाठी की या वायूचा नशेसाठी गैरवापर होतो. नायट्रस स्वतः जळत नसला तरी ऑक्सिजनप्रमाणेच ज्वलनाला मदत करतो, म्हणून रेग्युलेटरच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये.

आता रुग्णाची निवड. माझ्या मते सुरक्षिततेचा मोठा भाग इथेच ठरतो आणि नेमकी याच ठिकाणी घाई होते. हा वायू नाकातून घ्यायचा असतो. सर्दीने नाक चोंदलेले मूल किंवा अडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढल्यामुळे सतत तोंडाने श्वास घेणारे मूल मास्क लावूनही तो घेत नाही. आक्रोश करणाऱ्या मुलाचेही तसेच: रडताना श्वास तोंडाने चालतो, मास्कमधला वायू तुमच्या आणि सहायकाच्या नाकात जातो आणि मूल तसेच घाबरलेले राहते. भीती वाटते पण ऐकून घेते, सांगितलेले करून पाहते, अशा मुलासाठी हे साधन उत्तम आहे. जे मूल मास्क जवळही येऊ देत नाही, त्याच्यावर तो दाबून धरणे हा या पद्धतीचा वापर नव्हे.

हा वायू नायट्रोजनपेक्षा रक्तात सुमारे ३४ पट अधिक विरघळतो. त्यामुळे शरीरातील बंद पोकळीतून नायट्रोजन बाहेर पडायच्या कितीतरी आधी नायट्रस आत शिरतो आणि पोकळी फुगते किंवा तिच्यातला दाब वाढतो. कान दुखत असलेल्या, पडद्याचे किंवा मध्यकर्णाचे ऑपरेशन नुकतेच झालेल्या रुग्णाला म्हणूनच तो देऊ नये. छातीत हवा साठलेली असेल किंवा आतडे अडलेले असेल तर प्रश्नच नाही, पण असे रुग्ण दाताच्या दवाखान्यात सहसा येत नाहीत. येतात ते रेटिनाचे ऑपरेशन झालेले ज्येष्ठ. त्या ऑपरेशनात डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला असेल तर तो विरायला काही आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात नायट्रस दिल्यास डोळ्यातला दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. दाताच्या कामाचा डोळ्याशी संबंध रुग्णाच्या मनात येत नाही, म्हणून ते आपणहून सांगत नाहीत, "गेल्या काही महिन्यांत डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे का?" हा प्रश्न केसपेपरवर छापूनच ठेवावा. त्याच यादीत गर्भारपणाचे पहिले तीन महिने, फुप्फुसांचा जुनाट अडथळ्याचा आजार आणि ब्लिओमायसिन हे कर्करोगावरील औषध यांचाही समावेश असावा. आटोक्यात असलेला दमा ही मात्र अडचण नाही, उलट भीतीने दम लागणाऱ्या अशा रुग्णाला याचा फायदाच होतो.

आपल्याकडे सर्वांत कमी विचारला जाणारा मुद्दा ब-१२ जीवनसत्त्वाचा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नायट्रस ऑक्साइड ब-१२ मधल्या कोबाल्टचे ऑक्सिडीकरण करून ते निकामी करतो, त्यामुळे मेथिओनिन सिंथेज हे एन्झाइम बंद पडते आणि मज्जातंतूंचे आवरण व नव्या पेशी तयार होण्याच्या कामात अडथळा येतो. शरीरात ब-१२ चा साठा पुरेसा असेल तर दातांच्या कामासाठी लागणाऱ्या अर्ध्या-पाऊण तासाने काही बिघडत नाही. साठा आधीच तळाला गेला असेल तर मात्र काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तळपायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे अशी लक्षणे दिसू शकतात, आणि तोवर त्याचा संबंध दाताच्या कामाशी जोडणारे कोणी उरत नाही. ही कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांतून ती आपल्या लोकांत किती पसरलेली आहे हे पुढे आलेले आहे, आणि शाकाहारी घरांत तर ती आई व मूल दोघांतही असू शकते. त्यात वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या घेणारे प्रौढ धरले म्हणजे प्रश्न किती मोठा आहे ते लक्षात येते.

इथे दंतवैद्याला एक लाभ आहे, जो दुसऱ्या कोणा डॉक्टरला सहसा मिळत नाही: आपण प्रत्येक रुग्णाची जीभ उजेडात आणि जवळून पाहतो. खरखरीतपणा गेलेली, गुळगुळीत, लालभडक जीभ, तिखट सोसत नसल्याची तक्रार, ओठांच्या कोपऱ्यांतल्या चिरा, ही ब-१२ कमी असल्याची चिन्हे असू शकतात. अशी जीभ दिसली, किंवा पायांना मुंग्या येतात असे रुग्ण म्हणाला, तर मी त्या दिवशी गॅस देत नाही. रक्त तपासून घ्यायला सांगतो, कमतरता निघाली तर फिजिशियनकडे उपचार होऊ देतो आणि काम घाईचे असेल तर केवळ लोकल भूल देऊन करतो. घरात कोणाला फोलेटशी संबंधित जन्मजात विकार असल्यास तेही विचारावे. २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदल्या गेलेल्या एका घटनेत अशा एन्झाइमची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाचा, शस्त्रक्रियेच्या वेळी नायट्रस दिल्यानंतर काही आठवड्यांत मृत्यू झाला होता. ज्या मुलाच्या तोंडात सात-आठ दातांचे काम आहे त्याच्या भेटी मी दिवसाआड न ठेवता अंतर ठेवून देतो, आणि एका भेटीत शक्य तेवढे काम उरकतो.

प्रमाण किती ठेवावे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि त्याला आकड्यात उत्तर देता येत नाही. सात वर्षांच्या मुलीच्या खालच्या दुधाच्या दाढेचे काम आहे असे धरू. मास्क नाकावर नीट बसेल असा निवडायचा, मोठ्यांचा मास्क लहान चेहऱ्यावर चालवून घ्यायचा नाही. सुरुवातीला एक-दोन मिनिटे फक्त ऑक्सिजन, मिनिटाला ५ लिटरच्या आसपास, आणि नजर यंत्राच्या नळीला जोडलेल्या वायूच्या पिशवीवर. पिशवी अर्धी भरलेली आणि श्वासाबरोबर हलणारी असावी. ती चिपकत असेल तर प्रवाह कमी आहे, फुगून ताठ झाली असेल तर जास्त आहे, आणि अजिबात हलत नसेल तर मुलगी तोंडाने श्वास घेते आहे किंवा मास्क कडेने उघडा आहे. मग नायट्रस दहा-दहा टक्क्यांनी वाढवायचा आणि प्रत्येक पायरीवर निदान मिनिटभर थांबायचे. नायट्रोजनपेक्षा जास्त विरघळत असला तरी भुलीच्या इतर वायूंच्या मानाने हा वायू रक्तात फार कमी विरघळत असल्याने परिणाम दोन-तीन मिनिटांत दिसू लागतो, पण 'लागू पडत नाही' म्हणून नॉब भराभर फिरवणाऱ्याला तेवढाही धीर नसतो.

या काळात मी आकडा पाहत नाही, मुलीचे हात पाहतो. खुर्चीचे हात घट्ट धरलेली बोटे सुटतात, वर ओढलेले खांदे खाली येतात, पापण्यांची उघडझाप संथ होते आणि "बोटांना गुदगुल्या होतात का?" या प्रश्नाला उत्तर येते, पण क्षणभर थांबून. तिथे थांबायचे. काही मुलांत हे वीस टक्क्यांवर होते, बहुतेकांत तीस ते चाळीसच्या दरम्यान, आणि त्याच मुलीला पुढच्या भेटीत वेगळे प्रमाण लागू शकते, म्हणून मागच्या केसपेपरवरचा आकडा डोळे मिटून लावू नये. प्रमाण जास्त झाल्याची चिन्हेही अशीच समोर दिसतात: तोंड उघडे ठेवायला सांगूनही ते पुन्हा पुन्हा मिटते, नजर एका जागी खिळते, कपाळावर घाम येतो, मळमळते, हसू किंवा रडू आवरत नाही, उत्तर येईनासे होते. अशा वेळी नायट्रस लगेच दहा टक्क्यांनी उतरवायचा, आणि उत्तरच येत नसेल तर पूर्ण बंद करून फक्त ऑक्सिजन द्यायचा. याच कारणाने मी गॅस चालू असताना तोंडात माउथ प्रॉप (तोंड उघडे ठेवणारा आधार) घालत नाही. स्वतः तोंड उघडे ठेवणे ही रुग्ण शुद्धीत असल्याची खूण आहे, आणि प्रॉप घातला की ती आपल्या हातातून जाते.

लोकल भुलीचे इंजेक्शन तरीही द्यावेच लागते. गॅसने भीती आणि सुईची टोच सोसण्याजोगी होते, दाढेचा मज्जातंतू बधिर होत नाही. दुखते म्हणून गॅस वाढवत नेण्याचा मोह होतो, आणि उलट्यांचे बरेचसे प्रसंग तिथूनच उद्भवतात. वरखाली होणारे प्रमाण आणि लांबलेली वेळ यांनीही मळमळ वाढते. पूर्ण उपाशी ठेवण्याची गरज नसते, परंतु दोन तास आधी हलके खाणे आणि नंतर काही नाही, एवढे पालकांना लिहून द्यावे. मूल शांत राहावे म्हणून निघण्यापूर्वी सर्दीचे गुंगी आणणारे सिरप पाजलेले नाही ना, हेही विचारावे. प्रेमापोटी तसे करणारे पालक भेटतात.

काम संपल्यावर नायट्रस बंद करून फक्त ऑक्सिजन, साधारण पाच मिनिटे. शरीरातून नायट्रस झपाट्याने फुप्फुसांत परत येतो आणि तिथल्या ऑक्सिजनची जागा घेतो, हे भूलतज्ज्ञ फिंक यांनी १९५५ मध्ये दाखवले. दातांच्या कामापुरत्या वापरात निरोगी माणसात त्याने मोठा धोका होतो असे दिसत नाही; तरीही ही पाच मिनिटे मी टाळत नाही, कारण त्याने डोके जड होणे टळते आणि बाहेर पडणारा वायू खोलीत न जाता मास्कमधूनच ओढला जातो. मूल सरळ चालते, पूर्वीसारखे बोलते, हे पाहिल्याशिवाय त्याला खुर्चीतून सोडू नये.

आता तुमचे दोन थेट प्रश्न. पल्स ऑक्सिमीटर लावा, मी प्रत्येक रुग्णाला लावतो. पण तो उशिरा सांगतो हे लक्षात ठेवा. हवेतल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन घेणाऱ्या रुग्णाचा श्वास मंदावला तरी आकडा बराच वेळ ९९ दाखवत राहतो, म्हणून छातीची हालचाल, ओठांचा रंग आणि प्रश्नाला मिळणारे उत्तर यांची जागा तो घेऊ शकत नाही. भूलतज्ज्ञ केवळ या दोन वायूंसाठी, निरोगी रुग्णात, लागत नाही, मात्र तुमचे प्रशिक्षण झालेले असले पाहिजे. दुसरे कोणतेही शामक द्यायचे असेल, मूल फार लहान असेल, हृदयाचा किंवा श्वसनाचा आजार असेल, तर भूलतज्ज्ञाशिवाय हात घालू नका. दोन औषधांनी मिळून गुंगी केव्हा खोल जाईल याचा अंदाज अनुभवी माणसालाही येत नाही. लहान आणि मोठ्या मापाची अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), यंत्रापासून वेगळे असे ऑक्सिजनचे भरलेले सिलिंडर, चालू सक्शन आणि मूलभूत जीवरक्षणाचे प्रशिक्षण घेतलेले किमान दोघे जण, एवढे तरीही हाताशी हवे. खोलीत रुग्णासोबत एकट्याने कधीही थांबू नका. या वायूच्या अमलाखाली, विशेषतः प्रमाण जास्त असल्यास, काही रुग्णांना स्वप्नवत भास होतात आणि ते घडलेच असे त्यांना मनापासून वाटते. तिसरी व्यक्ती उपस्थित असणे रुग्णाच्या आणि तुमच्या, दोघांच्या हिताचे आहे.

ज्याबद्दल तुम्ही विचारले नाही आणि विक्रेताही बोलला नाही, ती गोष्ट म्हणजे खोलीतली हवा. रुग्ण अर्धा तास गॅस घेतो, तुमची सहायक दिवसभर त्याच खोलीत असते. अमेरिकेतील दंत सहायक महिलांच्या १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वापरलेला वायू ओढून घेण्याची सोय नसलेल्या दवाखान्यांत आठवड्याला पाच तास किंवा अधिक काळ या वायूत काम करणाऱ्यांमध्ये गर्भधारणेची शक्यता स्पष्टपणे घटलेली आढळली. जिथे ती सोय होती तिथे असे दिसले नाही. तेथील नायोश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने वापराच्या काळात हवेतले प्रमाण २५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५ भाग) आत ठेवण्याची शिफारस केली आहे, आणि त्यासाठी मास्कमधून मिनिटाला सुमारे ४५ लिटर हवा ओढली जावी लागते. एसी लावून दारे-खिडक्या बंद केलेल्या छोट्या खोलीत साधा मास्क वापरणे म्हणजे सहायकाला नकळत रोज डोस देणे आहे. ओढलेला वायू इमारतीबाहेर, कोणाच्या खिडकीपासून दूर सोडला गेला पाहिजे. नुसता सक्शनच्या मोटरमधून शेजारच्या खोलीत नव्हे. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती पाहावी, मुलांना मास्क लावल्यावर कमी बोलते करावे, आणि संध्याकाळी सिलिंडर मुळाशी बंद करावे.

विक्रेत्याकडे परत जाल तेव्हा त्याने दिलेल्या किमतीत दुहेरी नळीचे, वायू ओढून घेणारे मास्क लहान-मोठ्या मापांत आहेत का, तुमच्या सक्शनची क्षमता त्यासाठी पुरते का आणि दरवर्षीची तपासणी कोण करणार, हे लेखी मागा. अर्ध्या दिवसात यंत्राची बटणे कळतील. बाकीचे शिकण्यासाठी बालदंतविभाग असलेल्या एखाद्या महाविद्यालयात किंवा हे काम नियमित करणाऱ्या सहकाऱ्याकडे काही दिवस बसा, त्याच्या नजरेखाली पहिले रुग्ण करा, आणि त्याआधी एकदा स्वतः खुर्चीत बसून, तो फ्लोमीटरवर असताना, चाळीस टक्क्यांपर्यंत गॅस घेऊन पाहा. सुरुवातीचे काही महिने मोठ्या, समजूतदार मुलांवर आणि छोट्या कामांवर ठेवा. ओढून घेण्याची सोय तुमच्या सध्याच्या खोलीत बसवता येत नसेल, तर ती होईपर्यंत यंत्राची खरेदी लांबणीवर टाका.